अजिंक्यताऱ्याची मार्गदर्शित गडफेरी : दरवाजा, तट आणि १७०० सालचा वेढा

साताऱ्यातील एका स्थानिक दुर्गप्रेमी गटातर्फे अजिंक्यताऱ्यावर सकाळच्या वेळी मार्गदर्शित गडफेरी घेतली जाते. गडाचा इतिहास त्याच्या बांधणीतून समजून घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ती अवश्य करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फेरीत काही उणिवा आहेत आणि त्या पुढे सविस्तर मांडल्या आहेत. परंतु तट, बुरूज आणि दरवाजा यांच्यासमोर माणसांना उभे करून, या दगडांनी काय केले आणि काय होऊ दिले हे सांगणारी गडफेरी आपल्याकडे फारच क्वचित मिळते. बहुतेक ठिकाणी सनावळ्या, लढायांची नावे आणि शेवटी घोषणा एवढ्यावरच काम भागवले जाते. येथे तसे होत नाही.

अजिंक्यताऱ्याची अडचण अशी की, तो फार जवळ आहे. ‘चार भिंती’ या ठिकाणावरून पुढे गाडीरस्ता थेट महादरवाजाच्या खालपर्यंत जातो, पहाटे चालायला येणाऱ्यांची तेथे गर्दी असते, आणि सातारकरांच्या तीन-तीन पिढ्या या गडावर फिरून आलेल्या असूनही त्यातील अनेकांना गडाचे दक्षिणेकडील दरवाजे कोठे आहेत हे सांगता येत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० फूट उंचीचा आणि पूर्व-पश्चिम जेमतेम किलोमीटरभर पसरलेला हा गड राजगड किंवा रायगड यांच्या तुलनेत लहानच म्हणावा लागेल. त्याला बालेकिल्ला, म्हणजे माथ्यावरचा आतला किल्ला, नाही; स्वतंत्र माच्या, म्हणजे खालच्या तटबंद सपाट्या, नाहीत. एक सपाट माथा, त्याभोवती ताशीव कातळकडा, आणि कड्याच्या कडेने धावणारा तट एवढाच त्याचा आराखडा आहे. म्हणूनच तो समजून घ्यायला सोपा आहे, आणि मार्गदर्शकांनी या सोपेपणाचा चांगला उपयोग करून घेतला आहे.

फेरीची सुरुवात वायव्येकडील महादरवाजाच्या बाहेर होते आणि तेथे बराच वेळ दिला जातो. मार्गदर्शक हे निवृत्त शिक्षक आहेत. सर्वजण त्यांना ‘सर’ म्हणूनच हाक मारतात. त्यांनी प्रथम सर्वांना दरवाजाच्या खालच्या वळणावर थांबवले आणि दरवाजा कोठे दिसतो ते शोधायला सांगितले. दोन बुरूज पुढे आलेले दिसतात, दरवाजा मात्र त्यांच्या कुशीत दडलेला असतो. चढून येणाऱ्याला शेवटच्या टप्प्यात तटाला आपली बाजू द्यावी लागते, म्हणजे वरून दगड, बाण किंवा बंदुकीची गोळी यांचा मारा त्याच्यावर अंगावरून होतो. आणि दरवाजासमोरची जागा एवढी तोकडी ठेवलेली असते की हत्तीला धाव घेऊन दरवाजाला धडक देता येऊ नये. हे सर्व सांगून झाल्यावर त्यांनी निम्म्या लोकांना बुरुजावर पाठवले आणि उरलेल्यांना खालून चढून यायला लावले. वरच्यांनी फक्त मोजायचे होते, की खालचा प्रत्येक माणूस किती वेळ नजरेच्या टप्प्यात राहतो. शब्दांनी जे अर्ध्या तासात पटले नसते, ते या एका प्रयोगाने लहान मुलांनाही पटले.

दरवाजाच्या आत आल्यावर दोन्ही अंगांच्या देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसण्याच्या जागा, आणि अडसर सरकवण्याची खोबण यांचे काम समजावून दिले जाते. रात्री लाकडाचा जाड अडसर एका भिंतीतून ओढून समोरच्या भिंतीत बसवायचा, आणि दिवसा तो पुन्हा भिंतीच्या पोटात ढकलून द्यायचा, ही योजना सांगताना सरांनी एका मुलीचा हात कोपरापर्यंत त्या खोबणीत घालायला लावला. आतून दगड गार लागतो, झिजून गुळगुळीत झालेल्या कडा बोटांना जाणवतात. पहिल्या दरवाजानंतर लगेच सरळ वाट न ठेवता दुसऱ्या दरवाजाकडे वळवून नेलेली आहे, म्हणजे पहिला पडला तरी शत्रू एका बंदिस्त चौकात अडकतो, हेही तेथेच दाखवले जाते. ‘जंग्या’, म्हणजे तटातील मारा करण्याची भोके, आणि ‘चर्या’, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दगडी कंगोरे, यांतील फरक मी अनेक पुस्तकांत वाचला होता, पण जंगीच्या भोकाला डोळा लावून खालची वाट पाहिल्याशिवाय तिचा तिरपा उतार का ठेवतात हे कळत नाही. बाहेरून बोटभर दिसणाऱ्या त्या फटीतून आतल्या माणसाला वाटेचा मोठा भाग दिसतो.

गडाच्या आरंभकाळावर सरांनी फार वेळ घालवला नाही, हे योग्यच केले. गड शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असे परंपरेने मानले जाते; ‘परंपरेने’ हा शब्द त्यांनी मुद्दाम दोनदा उच्चारला. पुढे बहमनी आणि आदिलशाही सत्ता येथे होत्या, आणि आदिलशाहीत या गडाचा उपयोग मुख्यतः राजकैदी ठेवण्यासाठी झाला. १५८० मध्ये अली आदिलशहाच्या मृत्यूनंतर विजापूरच्या दरबारातील सत्तास्पर्धेत त्याची बेगम चांदबिबी हिला येथेच कैदेत ठेवण्यात आले होते. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये गड घेतला. त्याच वर्षी काही महिने आधी परळीचा किल्ला, म्हणजे आजचा सज्जनगड, स्वराज्यात आला होता. हे दोन्ही गड एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत, ही गोष्ट पुढच्या वेढ्याच्या कथेत महत्त्वाची ठरते, आणि सरांनी ती तेथेच पेरून ठेवली.

गडफेरीचा खरा गाभा पूर्वेकडील मंगळाईच्या बुरुजावर आहे. मंगळाईच्या देवळाच्या आवारात जुन्या शिल्पांचे तुकडे मांडून ठेवलेले आहेत. त्यांच्याजवळ न थांबता सरांनी सर्वांना थेट तटावर नेले आणि उत्तरेकडे बोट दाखवून करंजे हे ठिकाण ओळखायला सांगितले. आज तेथे घरांची दाटी आहे. डिसेंबर १६९९ मध्ये तेथे औरंगजेबाचा स्वतःचा तळ पडला होता. जिंजीहून परतलेल्या राजाराम महाराजांनी साताऱ्याला राजधानीचे स्थान दिले होते, आणि म्हणूनच भीमेकाठची ब्रह्मपुरीची छावणी सोडून मराठ्यांचे किल्ले एकामागून एक घ्यायला निघालेल्या बादशहाने वसंतगड घेतल्यावर थेट या गडाला वेढा घातला. पश्चिमेच्या बाजूला शहाजादा आझमशहा होता, पूर्वेची बाजू मोगल सरदार तरबियतखानाकडे होती. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू होते.

यानंतरचा भाग सरांनी संपूर्ण दगडावरून सांगितला आणि तो ऐकताना मला या गडफेरीची खरी किंमत कळली. ईशान्येच्या या कोपऱ्याची उंची एका जुन्या इंग्रजी इतिहासात ६७ फूट दिलेली आहे. त्यांपैकी ४२ फूट उभा कातळ, आणि त्यावर २५ फूट बांधकाम. याचा अर्थ तोफांनी फोडता येईल असा भाग फक्त वरचा. खालचा बेसाल्टचा थर तोफेच्या गोळ्याला दाद देत नाही, आणि शिड्या लावायच्या तर वरून गडगडत येणारे मोठमोठे दगड माणसांना चिरडतात. गडावरच्या लोकांनी दगड ढकलण्याचा हा उपाय वेढ्यात सतत वापरला. मग मोगलांपुढे एकच मार्ग उरला : कातळ पोखरून बुरुजाखाली सुरुंग भरणे. “सर, सुरुंग वरून खणतात का खालून?” असे एका शाळकरी मुलाने विचारले. “खालून, बाळा. वर तर आपली माणसं बसली होती,” असे सर म्हणाले आणि त्यांनी त्याला तटावरून वाकून खालचा कडा पाहायला लावला, अर्थात त्याच्या वडिलांनी दंड घट्ट धरलेला असताना.

या कड्यात छिन्नी-हातोड्याने भुयारे खोदायला महिने गेले. त्या अवधीत वेढ्याबाहेर मराठ्यांच्या फौजा मोगलांची रसद तोडत होत्या, आणि परळीच्या किल्ल्यावरून मराठ्यांचे सरदार परशुराम त्रिंबक यांनी गडावर धान्य पोहोचवण्याची व्यवस्था केली होती. मार्च १७०० च्या आरंभी सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, तरीही गड लढत राहिला. १३ एप्रिल १७०० रोजी सुरुंग उडवण्यात आले. पहिला स्फोट झाला तेव्हा तटाचा बराच भाग आतल्या बाजूला कोसळला आणि शिबंदीतील, म्हणजे गडावरच्या सैन्यातील, अनेक माणसे त्याखाली गाडली गेली. स्वतः प्रयागजीही देवळाजवळ ढिगाऱ्याखाली सापडले, पण त्यांना जिवंत बाहेर काढण्यात आले, आणि हा शुभशकुन आहे असे गडकऱ्यांनी मानले. वाट मोकळी झाली असे समजून मोगल सैन्य हल्ल्यासाठी कड्याला भिडलेले असतानाच दुसरा सुरुंग उडाला. या वेळी बुरूज बाहेरच्या बाजूला कोसळला आणि खाली दाटीने उभ्या असलेल्या मोगल सैन्यापैकी दोन हजारांच्या आसपास माणसे त्यात ठार झाली असे तो जुना इंग्रजी इतिहास सांगतो.

एवढे होऊनही गड स्फोटाने पडला नाही. धान्य संपल्यावर, २१ एप्रिल १७०० रोजी तो वाटाघाटींनी खाली करून देण्यात आला, आणि आझमशहाच्या नावावरून त्याचे ‘आझमतारा’ असे नामकरण झाले. कातळाने सुरुंग पचवला, पण कोठारातले धान्य संपल्यावर त्याचा काहीच उपाय चालला नाही, हे सरांनी मंगळाईच्या बुरुजावर उभे राहून सांगितले आणि लगेच सर्वांना माथ्यावरच्या पडक्या कोठाराकडे नेले. फेरीचा मार्ग किती विचार करून आखलेला आहे हे या एका गोष्टीवरून लक्षात यावे.

येथवर मी जी प्रशंसा केली, तीच पुढच्या भागाबद्दल करता येत नाही. वेढ्यानंतरची आठ वर्षे या गडाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहेत, आणि ती फेरीत घाईघाईने उरकली जातात. ताराबाईंच्या काळात हा गड मराठ्यांनी परत घेतला तो तट फोडून नव्हे. परशुराम त्रिंबकांच्या माणसांपैकी अण्णाजीपंत यांनी भिक्षुकाचा वेष घेतला, साताऱ्याकडे निघालेल्या मोगली तुकडीला गोष्टी आणि गाणी ऐकवून खूश केले, त्यांच्याबरोबर गडात प्रवेश मिळवला आणि नंतर मावळ्यांना आत घेतले. गडाला ‘अजिंक्यतारा’ हे नाव ताराबाईंनी दिले ते यानंतर. त्यानंतर काही वर्षांतच संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत ताराबाईंच्या फौजेवर त्यांचा जय झाला, आणि ते साताऱ्यापुढे येऊन ठाकले. परशुराम त्रिंबक गड द्यायला तयार नव्हते. परंतु गडावरील एक अधिकारी शेख मीरा यांचे कुटुंब वाईत शाहू महाराजांच्या हाती सापडले होते, त्यामुळे शेख मीरांनी परशुराम त्रिंबकांनाच कैद करून दरवाजा उघडला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला.

ज्या दरवाजाची एवढी बारकाईने ओळख करून दिली, तो दरवाजा दोन्ही वेळा आतूनच उघडला गेला, ही गोष्ट वास्तविक फेरीच्या सुरुवातीलाच, त्याच देवडीत उभे राहून सांगायला हवी होती. ती नंतर, माथ्यावर चालता चालता सांगितली गेली, आणि वाऱ्यामुळे मागच्यांना ऐकूही आली नाही. ज्याने अडसराची खोबण नुकतीच हाताने तपासली आहे, त्याला अण्णाजीपंतांची कथा किती वेगळ्या तऱ्हेने भिडेल! आयोजकांनी हा क्रम बदलावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

ताराबाईंच्या राजवाड्याचे आता जोते आणि काही भिंती एवढेच उरले आहे. तेथे सर पुन्हा आपल्या लयीत आले. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाल्यावर ज्या रामराजाला आपला नातू म्हणून ताराबाईंनी गादीवर आणवले, त्यालाच नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांनी याच गडावर कैद केले. त्या वेळी ताराबाईंचे वय पंच्याहत्तरच्या घरात होते. पेशव्यांशी त्यांचा हा झगडा पुढे बराच काळ चालला, आणि १७६१ मध्ये साताऱ्यातच त्यांचे निधन झाले. शाहू महाराजांच्या काळातच खाली शाहूनगर, म्हणजे आजचे सातारा शहर, वसले, राज्यकारभार गडावरून शहरात उतरला, आणि माथ्यावरचे वाडे ओस पडत गेले, हा बदल त्या जोत्यावरून खालच्या शहराकडे पाहताना आपोआप ध्यानात येतो. चांदबिबीपासून रामराजापर्यंत हा गड वारंवार कैदखाना झाला, याचे कारणही त्याच्या आराखड्यात आहे : सगळीकडून कडा, माथा आटोपशीर, आणि पहारा बसवायचा तो मोजक्याच दरवाजांवर. सरांनी हे सूचित केले, पण स्पष्ट मांडले नाही.

पाण्याकडे या फेरीत जवळजवळ दुर्लक्षच होते, आणि ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. गडावरील तळी मार्गात लागतात, ती नुसती बोटाने दाखवून माणसे पुढे नेली जातात. ज्या गडाने साडेचार महिने वेढा सोसला, तो डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या काळात सोसला. पावसाळ्यातला एकही दिवस त्यात नव्हता. शिबंदी, जनावरे आणि तटाची डागडुजी करणारे गवंडी या सर्वांना पुरेल एवढे पाणी मागच्या पावसाळ्यात साठवलेले असल्याशिवाय हे शक्य नव्हते. तळी बांधताना माथ्याचा उतार कसा वापरला, गाळ कोठे बसतो, दगड काढल्यावर पडलेल्या खाणींचीच तळी कशी होतात आणि त्याच दगडातून तट कसा उभा राहतो, हे सांगण्यासारखे खूप आहे. दुर्गबांधणीत टाके आणि तट ही एकाच कामाची दोन अंगे असतात. तळ्यांची सद्यःस्थिती चांगली नाही. उन्हाळ्यात ती कोरडी पडतात, आणि म्हणूनच तेथे थांबून सांगण्याची गरज अधिक आहे.

दक्षिण दरवाजांपर्यंत फेरी जातच नाही. वेळ अपुरा पडतो हे कारण सांगितले जाते आणि ते खरेही असेल, परंतु महादरवाजावर ऐकल्या नसत्या तरी चालले असते अशा गोष्टी, उदाहरणार्थ आयोजकांच्या आगामी उपक्रमांची लांबलचक माहिती, वगळल्या तर तो वेळ सहज निघेल. दक्षिणेच्या बाजूने पाहिल्याशिवाय १८१८ चा शेवट कळत नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेपुढे हा गड फारसा प्रतिकार न होता पडला. १७०० मध्ये बादशहाच्या तोफखान्याला महिनोन्‌महिने रोखणारा तोच कातळ आणि तोच तट. मधल्या काळात तोफखान्याचे तंत्र बदलले होते आणि लढण्यासारखी शिबंदीही गडावर राहिली नव्हती. सातारच्या राज्याचा खालसा होईपर्यंतचा, म्हणजे १८४८ पर्यंतचा, पुढचा इतिहास शहरातला आहे, गडावरचा नव्हे. तो फेरीत आला नाही याबद्दल माझी तक्रार नाही.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. गट मर्यादित ठेवला जातो, शुल्क माफक आहे, आणि प्रत्येकाला गडाचा एक हाताने काढलेला नकाशा दिला जातो. नकाशा अतिशय सुबक आहे. त्यात बुरूज, दरवाजे आणि तळी तर आहेतच, शिवाय कोणत्या ठिकाणाहून सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर आणि चंदन-वंदन दिसतात तेही बाणांनी दाखवले आहे. ध्वनिवर्धक वापरत नाहीत हे चांगले, पण मग तटावर वारा असताना सर्वांना जवळ बोलावून मगच बोलायला हवे. वृद्धांसाठी महादरवाजापर्यंतचा भाग सोपा आहे. तटावरची चाल मात्र काही ठिकाणी अरुंद आहे आणि दगड निसटते आहेत, याची सूचना नोंदणीच्या वेळीच द्यायला हवी.

सर एका बाबतीत अतिशय परखड होते आणि त्याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे. तटाच्या एका दुरुस्त केलेल्या भागापाशी थांबून त्यांनी जुना चुना आणि नवे सिमेंट शेजारी शेजारी दाखवले. दगडांच्या जुन्या सांध्यांमधला चुना पावसाचे पाणी शोषून घेतो आणि परत सोडतो, भिंतीच्या हालचालीबरोबर थोडा सरकतोही. सिमेंट कडक असते, त्यामुळे पाणी आत कोंडते आणि चिऱ्यांच्या कडा फुटू लागतात. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, पण आपापल्या गावच्या गढीची, देवळाची किंवा बारवेची दुरुस्ती निघेल तेव्हा गावकऱ्यांनी चुन्याचा आग्रह धरावा, असे बजावले. जवळच एका चिऱ्यावर रंगाने नावे रंगवलेली होती. त्यांवर भाषण न करता त्यांनी पिशवीतून पाणी आणि काथ्याचा ब्रश काढला आणि तो रंग काढण्याची रीत दाखवली : तारेचा ब्रश वापरायचा नाही, आम्ल तर मुळीच नाही, कारण त्याने रंगाबरोबर दगडाचा जुना पापुद्राही निघतो.

ज्यांना या फेरीला जायचे असेल त्यांनी पावसाळा ओसरल्यानंतरचे आठवडे निवडावेत, कारण तेव्हा तळ्यांत पाणी असते, समोरचे डोंगर स्वच्छ दिसतात आणि तटावरचे गवत अजून कंबरेएवढे झालेले असले तरी वाट सापडते. नोंदणी करतानाच दक्षिण दरवाजे दाखवण्याची विनंती करावी. पुरेशा लोकांनी मागणी केली तर तो भाग घेऊ, असे आयोजकांनी मला सांगितले आहे.